घर लहान आलंय

सुकदेव आबांचं चोपड्यातलं घर धाब्याचं होतं. सागाच्या कड्या, त्यांच्यावर काटक्यांचा थर आणि त्यावर हातभर खारी माती. असं घर उन्हाळ्यात थंडगार राहतं, पण दरवर्षी मिरगाच्या आत वर चढून नवी माती पसरावी लागते, चोपावी लागते. आबांचे गुडघे तर आता ओट्याची पायरी चढतानासुद्धा आधी विचार करायचे. मागच्या पावसाळ्यात घर चौदा ठिकाणी गळलं. भिकुबाईंनी होती नव्हती ती सगळी भांडी गळतीखाली मांडली. मग भात कशात शिजवायचा हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच दिवशी ठरलं की धाबं उतरवायचं आणि वर पत्रे टाकायचे.

आबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या. निवृत्तीनंतर त्यांनी तीच शिस्त घराला लावली होती. साडेसहाला चहा, नऊला आंघोळ, साडेबाराला जेवण. भिकुबाई म्हणायच्या, "या घरात माले प्रवासीसारखं वाटस." अशा माणसाला ‘सात दिवसांत’ हा शब्द ऐकवला की तो विरघळणारच.

हा शब्द ऐकवला धुळ्याच्या प्रेमराजने. वय चाळिशीचं, शर्ट इस्त्रीचा, पायात पांढरेशुभ्र बूट आणि हातात मोजमापाचं एक यंत्र. यंत्राचं बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडायचा. त्याने पाच मिनिटांत सगळ्या घराला ठिपके मारले आणि आकडे कागदावर उतरवून घेतले.

"आबा, बावीस बाय सोळा. माझ्यासाठी हे काम म्हणजे चहासोबतचं बिस्कीट. सात दिवस."

"नक्की सात?"

"खरं तर सहाच. सातव्या दिवशी मी फक्त अक्कांच्या हातचं जेवायला येणार."

तो गेल्यावर भिकुबाई म्हणाल्या, "छपराचं काम करतो तर याचे बूट एवढे पांढरे कसे?"

"तो मालक आहे," आबा म्हणाले.

"मालक असला तरी चढत तर असेल ना वर कधी?"

आबांनी कॅलेंडरवर सात दिवस मोजून सातव्यावर गोल केला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेमराजची नऊ माणसं आली. पिंटू नावाचा काळासावळा, पंचेचाळिशीचा वेल्डर त्यांचा मुकादम. ती माणसं घराला टोळधाडीसारखी भिडली. सकाळी आठला चढली आणि संध्याकाळी पाचला धाबं गायब. ऐंशी वर्षांची माती दारासमोर ढीग होऊन पडली, कड्या भिंतीला टेकल्या, आणि आबांनी बैठकीत उभं राहून वर पाहिलं तर एक घार फिरत होती.

"उद्या सकाळी टेम्पो येतो," पिंटू म्हणाला आणि माणसं घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. आबांनी दहाला फोन लावला.

"निघालाय आबा! अमळनेर सोडलं."

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"पारोळ्याला आहे आबा, आलाच."

"काल अमळनेर सोडलेला टेम्पो आज मागे पारोळ्याला कसा गेला?"

"तो वेगळा टेम्पो आबा."

आबांनी फोन ठेवला. ‘निघालीय’, ‘रस्त्यात आहे’, ‘येईलच आता’ हे शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. याच शब्दांवर त्यांनी एकतीस वर्षं लोकांना बाकावर बसवून ठेवलं होतं. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की हे शब्द कसे ऐकू येतात, ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

आता बिनछपराच्या घरात राहणं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय समजत नाही. आधी आबांनी ताडपत्री बांधली. तिसऱ्याच दिवशी वावटळ आली आणि ताडपत्री घेऊन गेली. ती नंतर यावल रोडला विजेच्या खांबावर लटकलेली दिसली. मग भिकुबाईंनी भिंतींवर आडवे बांबू टाकून आपली जुनी लुगडी पसरली. पारा चव्वेचाळीसला. दुपारी बैठकीत हिरवा उजेड, स्वयंपाकघरात जांभळा, आणि ऊन मात्र सगळीकडे सारखंच. पंखाही आबांनी बांबूलाच बांधला. आभाळाखाली गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे चिमण्या भिंतीवर बसून बघायच्या.

बाहेर जाताना आबा न चुकता दाराला कुलूप लावायचे आणि दोनदा ओढून बघायचे.

"वरून उघडं आहे अहो," भिकुबाई म्हणायच्या.

"म्हणून काय दारही उघडं टाकायचं?"

शेजारी बेबाबाईचं दुमजली स्लॅबचं घर. तिची गच्ची बरोबर आबांच्या घरावर डोकावणारी. नवरा वारलेला, मुलगी मुक्ताईनगरला दिलेली, आणि आजवर दुपार कशी घालवावी हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न. तो सुटला. बेबाबाई सकाळी नऊला छत्री आणि लसूण सोलायला घेऊन गच्चीवर यायची, कठड्याला टेकून बसायची आणि खालचा संसार बघायची.

"व अक्का, आमटीमा मीठ टाकं का नही?"

"टाकं व माय! तुन्हा डोया शेतस का दुर्बीण शे?"

आबांना वर न बघता बनियन बदलायची सवय झाली. नवरा-बायकोला भांडायचं असेल तर आधी गच्चीकडे बघावं लागे. एकदा दोघांत लोणच्याच्या बरणीवरून वाद झाला, तर बेबाबाईने वरून निकालही दिला. बरणी आबांनीच उघडी ठेवली होती, तिने पाहिलं होतं. पोस्टमन पत्र दाराखालून टाकण्याऐवजी भिंतीवरून आत फेकू लागला. उसनी नेलेली वाटी बेबाबाई दोरीने खाली सोडू लागली. माणूस कशालाही सरावतो, आणि नेमकी हीच गोष्ट आबांना सहन होईना. अठराव्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि धुळ्याची गाडी पकडली.

प्रेमराजचं वर्कशॉप धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत होतं. तीन रिक्षा बदलून, चार ठिकाणी विचारून आबा तिथे पोचले आणि फाटकातच थबकले. वर्कशॉपला छप्पर नव्हतं. चार भिंती, मधे लोखंडाच्या सळ्यांचे ढीग, आणि कोपऱ्यात समारंभाची एक मोठी रंगीत छत्री रोवलेली. छत्रीखाली टेबल, टेबलामागे एक बाई. टेबलावरच्या पाटीवर लिहिलं होतं, चारुलता, ग्राहक समाधान.

"तुमच्या वर्कशॉपचं छप्पर कुठे आहे?" आबांनी स्वतःचं गाऱ्हाणं विसरून आधी हेच विचारलं.

"काम चालू आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. साहेबांना वेळच मिळत नाही ना, बाहेरची कामं इतकी असतात." त्यांनी वही पुढे ओढली. "तुमची तक्रार सांगा. छप्पर गळतंय, वाजतंय का उडालंय?"

"छप्पर नाहीच आहे."

बाईंनी वहीतले रकाने पुन्हा पाहिले. "‘नाहीच’ असा रकाना नाहीये. ‘उडालंय’मध्ये लिहू का?"

"बाई, जे बसलंच नाही ते उडेल कसं? प्रेमराज कुठे आहे?"

"साहेब साईटवर आहेत. चोपड्याला."

आबांनी तिथेच उभं राहून फोन लावला. प्रेमराजने चक्क पहिल्याच घंटीला उचलला. आवाजात दुखावलेपण होतं.

"काय आबा! मी इथे तुमच्या दारात उभा आहे आणि तुम्ही घराला कुलूप लावून कुठे गेलात?"

आबांना आनंद झाला, रागही आला. "अरे, मग भिंतीवरून वाकून बघ! आत अक्का असेल."

"कुणाच्या घरात असं वाकून बघणं बरं दिसत नाही आबा. आमचे संस्कार नाहीत तसे."

संध्याकाळी घामाघूम होऊन आबा घरी परतले, तर भिकुबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या आणि दार सताड उघडं होतं.

"प्रेमराज येऊन गेला का?"

उत्तर गच्चीवरून आलं. "कोणी उनं नही आबा. मी नऊपासून आठेच गच्चीवर शे. कुत्रंबी उनं नही."

सव्विसाव्या दिवशी, जेव्हा कुणाचीच अपेक्षा उरली नव्हती तेव्हा, गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला. टेम्पो नव्हे, ट्रक. त्यावर गुलाबी रंगाचे लांबच लांब पत्रे आणि पत्रे पेलणाऱ्या, घरापेक्षा रुंद लोखंडी कैच्या. पिंटूने उडी मारून आबांना नमस्कार केला आणि टेप काढला. बैठक मोजली. डोकं खाजवलं. पुन्हा मोजली. मग बाहेरून मोजली. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तो गंभीर चेहऱ्याने आबांजवळ आला.

"आबा, अडचण आहे. तुमचं घर लहान आलंय."

"काय?"

"कागदावर चाळीस बाय तीस आहे. घर भरतंय बावीस बाय सोळा. घरात काहीतरी चूक झालीय."

"घर ऐंशी वर्षांपूर्वी बांधलंय!"

"तेच म्हणतो मी. तेव्हा काही नीट मोजायचे नाहीत."

पिंटूने प्रेमराजला फोन लावला, बाजूला जाऊन बोलला आणि परत आला. "साहेब म्हणतात बसवून टाक. आबांना सावली जास्त मिळेल, बिचाऱ्यांनी खूप सोसलंय."

नाही म्हणावं, ट्रक परत पाठवावा, असं आबांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी भिकुबाईंकडे पाहिलं. सव्वीस दिवस उन्हात भाकरी थापून त्या बाईचा चेहरा तव्यासारखा झाला होता. छप्पर नसण्यापेक्षा वाढीव माप बरं, असं मनाशी म्हणत आबा बाजूला झाले.

दोन दिवसांत छप्पर उभं राहिलं. ते आबांच्या भिंतींवर मावणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याला सहा खांब दिले. दोन गल्लीत, दोन मागच्या बोळात, एक बेबाबाईच्या अंगणात तुळशीला खेटून, आणि एक आबांच्या न्हाणीघरात मधोमध. वरून गुलाबी कमान, कडेला पत्र्याची झालर, आणि मधल्या नळीला झुंबर टांगायचे सोळा हूक. आबांचं घर त्याखाली असं दिसायचं जसं मोठ्या टोपीखाली लहान पोर. गल्लीला मात्र सावली मिळाली. दुपारी भाजीवाली तिथे बसू लागली, इस्त्रीवाल्याने टेबल आणलं, आणि चार म्हाताऱ्यांनी रमीचा डाव मांडला. फक्त बेबाबाई नाराज होती. तिला आता पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी एक जाडजूड गृहस्थ आले. त्यांनी खांबावर काठी वाजवली, वर पाहिलं, हूक मोजले आणि ओट्यावर बसकण मारली.

"मी रुपचंद. यावल रोडचं कस्तुरा मंगल कार्यालय माझं. हे माझं छप्पर आहे."

आबांनी त्यांना पाणी दिलं. "मग माझं कुठे आहे?"

"माझ्याकडे. स्टेजच्या मधोमध उभं केलंय. तीनशे माणसांच्या कार्यालयावर तुमचं स्वयंपाकघर बसवलंय त्या बहाद्दराने. लांबून वाटतं, कुणीतरी शेळ्यांची सोय केलीय."

इतक्या दिवसांत आबांना पहिल्यांदाच कुणीतरी आपलं वाटलं. त्यांनी चहा मागवला. तुम्हाला तो काय सांगायचा, मला काय सांगायचा, हे दोघांनी पडताळून पाहिलं. रुपचंदांनाही अमळनेर सोडलेलाच टेम्पो सांगितला होता.

"घेऊन जा रुपचंदशेठ तुमचं," आबा म्हणाले.

"नेलं असतं. पण परवा लग्न आहे. उतरवायला दोन दिवस, चढवायला दोन. लग्नाची तिथ मोठी, गावातला एक मंडपवाला मोकळा नाही. आणि परवा दुपारी पावणेबाराचा मुहूर्त, डोक्यावर ऊन." रुपचंदांनी वर बघितलं, मग गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "आबा, तुमचा ओटा केवढा आहे हो?"

वधूपिता दिलवरसिंग दोंडाईचाकडचे. भरघोस मिशा, आवाज खणखणीत. ते संध्याकाळी आले आणि संतापले. "पत्रिकेत कस्तुरा मंगल कार्यालय छापलंय! मी लोकांना गल्लीत बसवू?"

"कार्यालय म्हणजे काय हो?" रुपचंद शांतपणे म्हणाले. "भिंती? भिंतींना कोण विचारतं? कार्यालय म्हणजे छप्पर. छप्पर इथे आहे, म्हणजे कार्यालय इथे आहे. पत्रिका बरोबरच आहे."

दिलवरसिंगांनी मिशीवरून हात फिरवत विचार केला. परवाच्या उन्हाचा विचार केला असावा. मग त्यांनी भिकुबाईंना हात जोडले. "बहिणाबाई, लेकीचं लग्न आहे."

भिकुबाई पदर खोचून म्हणाल्या, "लेकनं लगीन शे ना? मंग हुई जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी घराचं घरपण गेलं. दारावर ‘कस्तुरा मंगल कार्यालय, आपले सहर्ष स्वागत’ अशी कमान लागली. झुंबरं आली. ओट्यावर बोहलं, स्वयंपाकघरात वधूपक्ष, बेबाबाईकडे वरपक्ष. मागच्या बोळात वांगी भाजून घोटायला घेतली, बट्ट्यांचं पीठ परातींनी मळलं जाऊ लागलं. सजावटवाला फिरता फिरता आबांना म्हणाला, "काका, ही मधली भिंत दोन दिवस काढता येईल का? फोटोत येतेय."

"भिंत सोडून काहीही माग," आबा म्हणाले.

लग्नाच्या सकाळी पाहुणे आधी यावल रोडला जायचे, तिथे शेळ्यांची सोय बघून चक्रावायचे आणि मग वॉचमन त्यांना इकडे पाठवायचा. साडेदहापर्यंत गल्ली भरली. आबांना कुणीतरी फेटा बांधला. कुणी आले की आबांच्या आणि भिकुबाईंच्या पाया पडायचे. हे वराचे आजी-आजोबा की वधूचे, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. आबांना नवरी मुलीचं नाव सोनल आहे, हेसुद्धा कमानीवर वाचून कळलं.

आणि अकराच्या सुमाराला, अंगाला अत्तर लावून, पांढरे बूट सांभाळत प्रेमराज आला.

तो दिलवरसिंगांचा पाहुणा होता. त्यांच्या शेतातल्या गोदामाच्या शेडचं काम त्याने घेतलं होतं आणि ती शेडही अर्थातच रस्त्यात होती. पत्रिकेवरचं कार्यालय शोधत तो इथे पोचला. वर आपलं छप्पर आणि दारात फेटेवाले आबा बघून क्षणभर त्याचं पाऊल अडलं. पण क्षणभरच. पुढच्या क्षणी तो हात पसरून आबांना भिडला.

"आबा! बघा, मी म्हणालो होतो ना, बसवून देतो! केवढं शोभतंय!"

महिनाभर मनात जुळवलेल्या वाक्यांतलं आधी कुठलं बोलायचं, हे आबा ठरवू लागले. तोवर प्रेमराजने आजूबाजूच्या पाहुण्यांना छप्पर दाखवायला सुरुवातही केली होती. एका बागायतदाराने विचारलं, पत्रा किती जाड? वाऱ्यात टिकेल का?

"वाऱ्यात?" प्रेमराज हसला. "हत्ती चालवतो त्याच्यावर. थांबा, मीच चढून दाखवतो."

सजावटवाल्याची शिडी खांबाला टेकलेली होतीच. प्रेमराजने बूट काढून शिडीच्या पायथ्याशी नीट ठेवले, मोजे खिशात घातले आणि सरसर वर गेला. खाली दोनशे माणसं माना वर करून उभी. वरून प्रेमराजने पत्र्यावर हात आपटून दाखवला आणि त्याच वेळी खालून खरखर आवाज आला.

भिकुबाईंनी शिडी काढली होती. त्यांनी ती आडवी केली, एक टोक बेबाबाईच्या हातात दिलं आणि दोघींनी मिळून ती बेबाबाईच्या जिन्यात ठेवून दाराला कडी घातली.

"अक्का, शिडी?" प्रेमराज वरून म्हणाला.

भिकुबाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "आते उतरानं नही. पहिले मन्हं छप्पर, मंग शिडी."

"अक्का, पत्रा तापलाय!"

"माले म्हायती शे. मी सव्वीस दिवस तापनू."

सनईवालासुद्धा थांबला. प्रेमराज एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत बेबाबाईच्या गच्चीकडे सरकला, तर कठड्याशी बेबाबाई खराटा घेऊन उभी. तिचा चेहरा किती तरी दिवसांनी फुलला होता. तो परत फिरला.

"अहो, काही झालं त्याला तर?" आबा घाबरून पुटपुटले.

"माणूस माराना नही, कामले लावाना शे," भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी लांब बांबूला बांधून चार ओली पोती वर दिली, मग एक छत्री, मग मठ्ठ्याचा तांब्या. पोती अंथरून, छत्री उघडून प्रेमराज कमानीच्या मधोमध बसला. मग खिशातून फोन काढला. आता अमळनेर सांगायला समोर कुणी नव्हतं. त्याने खरोखरच माणसं बोलावली.

पावणेबारा वाजले. मुहूर्त थांबत नसतो. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. फोटोवाल्याला वरचा माणूस दिसला आणि त्याने डोकं चालवून बांबूवरून फुलांची टोपली वर दिली. ‘सावधान’ झालं तसा प्रेमराजने छपराच्या झालरीवरून फुलांचा सडा सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, असं लग्न आजवर पाहिलं नाही. पंगती बसल्या, वरण-बट्टीचं एक ताट वर गेलं. प्रेमराजने वांग्याची भाजी परत मागितली. जेवता जेवता वरूनच त्याने त्या बागायतदाराला शेड कबूल केली आणि आणखी दोघांचे नंबर घेतले. हे सगळं ऐकून आबांना इतका संताप आला की त्यांनी हातातला लाडू ताटात परत ठेवला. पण संताप दाखवायचा तर मान फार वर करावी लागत होती, आणि फेटा पडत होता.

अडीच वाजता पिंटू आणि त्याची नऊ माणसं गल्लीत हजर झाली. धुळ्याहून चोपडा, अडीच तास. इतके दिवस जो रस्ता संपत नव्हता, तो एवढाच निघाला.

"साहेब, तुम्ही वर काय करताय?" पिंटूने विचारलं.

"मोजतोय," प्रेमराज म्हणाला.

सोनलची पाठवणी तीनला झाली. जाताना ती भिकुबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि भिकुबाईही रडल्या. मग डोळे पुसून त्या पिंटूकडे वळल्या. एक ट्रक यावल रोडला गेला, तिथून आबांचं बावीस बाय सोळा छप्पर घेऊन आला. इकडे गुलाबी पत्रे कडेकडेने उतरू लागले. भिकुबाईंनी बजावलं होतं, त्याच्याखालचा पत्रा सगळ्यात शेवटी. ऊन कललं तेव्हा सहा खांबांवर एक लोखंडी सांगाडा, आणि त्यावर एकुलत्या एका गुलाबी पत्र्यावर छत्री धरून बसलेला प्रेमराज, असं दृश्य होतं. आबांचं छप्पर गल्लीत उतरलं, भिकुबाईंनी टेप मागवून ते स्वतः मोजलं, आणि मगच जिन्याची कडी काढली.

प्रेमराज उतरला, पण गेला नाही. जाता येईना. दिलवरसिंग लेकीची पाठवणी करून परत आले होते आणि गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. "माझं गोदाम बाकी आहे," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रेमराजने स्वतःच्या हाताने नट-बोल्ट आवळले. अनवाणी. बूट बेबाबाईने गच्चीवर नेऊन ठेवले होते.

छप्पर बसलं. चक्क बरोबर बसलं, बोटभरही इकडेतिकडे नाही. भाजीवाली कुरकुर करत परत चौकात गेली, रमीवाले आबांना दोन दिवस बोलले नाहीत. दिलवरसिंग प्रेमराजला गाडीत घालून दोंडाईचाकडे घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी दुपारी एक जोडपं दारात आलं. पाचोऱ्याचं. नवरा मास्तर असावा, बायको नीटनेटकी, बोलायला शांत. "प्रेमराजभाऊंनी पाठवलं," नवरा म्हणाला. "म्हणाले, आमच्या कामाचा नमुना बघायचा तर आबांकडे जा."

आबांचे डोळे चमकले. त्यांनी दोघांना बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. लाल ठिपका, अमळनेरचा टेम्पो, बिनछपराचं वर्कशॉप, न्हाणीतला खांब, लहान आलेलं घर, पत्र्यावर बसवून ठेवलेला प्रेमराज. एकही गोष्ट गाळली नाही. इतकं सविस्तर आणि इतक्या तळमळीने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. सांगून झालं तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. एका तरी कुटुंबाला वाचवलं, हे समाधान चेहऱ्यावर होतं.

पाचोऱ्याच्या माणसाने वर पाहिलं. नव्या पत्र्याखाली घामाचा एक थेंब त्याच्या नाकावरून ओघळला. "पण शेवटी बसवलं ना?"

"बसवलं," आबा नाइलाजाने म्हणाले.

बायको भिकुबाईंकडे वळली. "अक्का, एक विचारू? त्याला वर बसवल्यावर माणसं यायला किती वेळ लागला?"

"पत्र्यावर बसला तो अकराला. अडीचला आली," भिकुबाई म्हणाल्या. "पण मे महिना होता. थंडीत जास्त लागेल."

तिने मनाशी हिशेब केल्यासारखी मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाली, "देऊन टाका याला काम. आपल्या आधीच्या ठेकेदाराचा तर फोनसुद्धा लागत नाही."